अकराच्या आधीचा उजेड

तो पहिल्यांदा भेटला तेव्हा मी त्याच्याशी एक अक्षरही बोलले नाही, आणि त्यामुळे तो थेट बायकांच्या स्वच्छतागृहात शिरला.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. मी ट्रे घेऊन प्रयोगशाळेच्या बोळातून चालले होते. ट्रेमध्ये सहा बाटल्या, बाटल्यांमध्ये माझं सोनं. समोरून एक उंच माणूस आला. खांद्यावर बॅग, आणि थर्मोकोलचा एक डबा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला – तान्हं बाळ धरावं तसा.

"ऐका ना, डार्क रूम कुठे आहे?"

मी हनुवटीने डावीकडे दाखवलं.

"आणि किल्ली?"

आता किल्ली दारावरच्या बंद पडलेल्या घड्याळामागे असते, हे हनुवटीने कसं सांगणार? मी भुवया वर केल्या. त्याने छताकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे. मग त्याचा चेहरा एकदम मऊ झाला आणि तो मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलू लागला.

"तुम्हाला – ऐकू – येतं – का?"

मी मान डोलावली. ट्रे खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि बोटांनी दाखवलं. आधी दहा, मग एक. म्हणजे, अकरा वाजले की बोलते.

"अकरा नंबरची खोली! थँक यू हं," असं म्हणून तो डबा सांभाळत निघून गेला. अकरा नंबर म्हणजे बायकांचं स्वच्छतागृह. तिथून पुढच्याच क्षणी आमच्या मॅडमचा आवाज आला. त्या काय म्हणाल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अकरा वाजून पाच मिनिटांनी मी डार्क रूममध्ये डोकावले. मॅडमनी आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडून दिलं होतं. तो जमिनीवर बसून तारा सोडवत होता.

"किल्ली घड्याळामागे असते," मी म्हटलं.

त्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. "तुम्ही… बोलता!"

"अकरानंतर."

"हे आधी सांगायचं नाही का?"

"कसं सांगणार होते?"

त्याने क्षणभर विचार केला आणि हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त मिटतो, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. लक्षात यायचं काही कारण नव्हतं. आलं.

माझं व्रत तसं साधं आहे. उठल्यापासून सकाळी अकरापर्यंत बोलायचं नाही. पूर्वी सकाळी माझी जीभ फार चालायची. एकदा कामावर निघायच्या घाईत आईला असं काही बोलून गेले, की ती दोन दिवस नीट जेवली नाही. तिने माफ केलं, तिचं मन मोठं. पण मी देवासमोर बसले आणि म्हटलं, माझी सकाळची वाचा तुझ्याजवळ ठेव, अकराला परत दे. त्याला आता चार वर्षं झाली. आईने यातून आपला फायदा काढला आहे. माझ्याबद्दलची सगळी गाऱ्हाणी ती नऊच्या आत उरकून घेते, कारण तेव्हा मला उलट उत्तर देता येत नाही.

प्रयोगशाळेत मला सगळे सोनारीण म्हणतात. मी सोन्याचे कण करते – इतके बारीक, की डोळ्यांना दिसत नाहीत. सोन्याचं पिवळट द्रावण उकळायचं, त्यात सायट्रेट घालायचं आणि ढवळत उभं राहायचं. आधी रंग जातो, मग पाणी काळपट होतं, आणि मग एकदम डाळिंबी लाल. हो, लाल. सोनं इतकं लहान झालं की पिवळेपण विसरतं.

त्याच्या डब्यातही तसंच काहीतरी होतं. उजेड देणारे ठिपके. एकेक ठिपका सोन्याच्या कणापेक्षाही लहान, आणि निळा प्रकाश टाकला की आपल्या रंगाने चमकणारा. क्वांटम वगैरे त्याचं मोठं नाव आहे, पण मॅडमनी पहिल्याच दिवशी त्याला ठिपकेवाला करून टाकलं.

"सोनारीण, ह्या ठिपकेवाल्याला मदत कर," त्या म्हणाल्या. "आणि ठिपकेवाले, तिला अकराच्या आधी छळायचं नाही."

काम असं होतं. काचेवर खाली माझं सोनं. त्यावर एक पारदर्शक पापुद्रा, केसाच्या काही हजाराव्या हिश्श्याएवढा. आणि पापुद्र्यावर त्याचे ठिपके. तिन्ही मिळून निसर्गात कुठेच न सापडणारा एक पदार्थ तयार होतो. रेडिओची खुंटी पिळली की स्टेशन बदलतं, तसा या पदार्थाचा उजेड आपल्याला हवा तेव्हा कमीजास्त करता यायला हवा. आमची खुंटी म्हणजे व्होल्टेज. ते वाढवलं की पापुद्रा फुगेल, सोनं आणि ठिपके यांच्यातलं अंतर वाढेल आणि उजेड बदलेल, असा त्याचा हिशेब.

"अंतराने एवढा काय फरक पडतो?" मी विचारलं.

"फार जवळ गेलं की सोनं ठिपक्याचा उजेड गिळून टाकतं. फार लांब गेलं की सोन्याला ठिपक्याचा पत्ताच लागत नाही. मधलं एक अंतर असतं… तिथे ठिपका एकट्याने जेवढा चमकला असता, त्याहून कितीतरी जास्त चमकतो."

"माझी आई तिच्या सासूबद्दल हेच सांगते. एका घरात असताना नुसती धुसफूस. दोन गल्ल्या सोडून राहायला गेली, तर गळ्यात गळे."

"तुमच्या आईंना आमच्या खात्यात घ्यायला हवं."

पाच आठवड्यांनी तीन परीक्षक येणार होते. उजेड बदलतो हे त्यांना दाखवता आलं, तर प्रकल्प तीन वर्षं चालणार आणि तो इथे राहणार. नाही दाखवता आलं, तर महिनाअखेरीला त्याचं काम संपणार. दुसऱ्या शहरात चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्याने त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. हे सगळं त्याने पहिल्याच आठवड्यात, चहाचा कप पुसता पुसता सांगून टाकलं. मी "बरं" म्हटलं. तेव्हा ते खरंच नुसतं "बरं" होतं.

डार्क रूमच्या मधोमध एक काळा पडदा आहे. पडद्याआड कॉम्प्युटर, कारण त्याच्या स्क्रीनचा उजेड भिंगाकडे येता कामा नये. तिथे तो बसायचा. अलीकडे भिंग, त्याखाली आमची काच, आणि शेजारी व्होल्टेजची खुंटी. तिथे मी. खोली इतकी अरुंद, की माझा स्टूल भिंगाला चिकटूनच. काळोखात मी खुंटी पिळायची आणि आकडा पुकारायचा – एक, दोन, तीन, पाचपर्यंत. प्रत्येक आकड्याला दोन मिनिटं थांबायचं. अकराच्या आधी मी आकड्याऐवजी टेबलावर पेन्सिल वाजवायची. टक म्हणजे एक, टक टक म्हणजे दोन.

पहिले काही दिवस सकाळी काहीच दिसलं नाही. पेन्सिल वाजत राहिली, उजेड जिथल्या तिथे. आणि मग एके दिवशी, अकरा वाजून गेल्यावर, पडद्याआडून आवाज आला, "थांबा… थांबा थांबा. हललं!"

"काय हललं?"

"उजेड वाढतोय! तीनवर आहात ना? आता चार करा!"

"चार," मी म्हटलं. वाढला. पाचला आणखी वाढला. खुंटी उलटी पिळत खाली आणली तसा सावकाश उतरला. तो पडदा बाजूला सारून आला, आणि आनंदाच्या भरात माझ्याऐवजी त्याने भिंगाच्या स्टँडशीच हात मिळवला.

त्या दिवसापासून रोज हेच. सकाळी काही नाही, अकरानंतर सगळं. त्याने रजिस्टरमध्ये लिहून ठेवलं – यंत्र सकाळी थंड असते, अकरापर्यंत तापू द्यावे.

"तुमचं यंत्र माझ्यासारखंच आहे," मी म्हटलं.

"मला तेच वाटत होतं, पण म्हटलं, वाईट वाटेल."

"कोणाला? यंत्राला?"

त्या दोन-दोन मिनिटांच्या थांबण्यात आम्ही बोलायचो. काळोखात, मध्ये पडदा असताना, माणूस जे बोलतो ते उजेडात बोलत नाही. एकच्या आकड्याला कामाचं. दोनला चहाचं. तीनला त्याच्या बहिणीचं. ती त्याच्याहून लहान, पण त्याच्यावर दादागिरी करणारी. चारपर्यंत माझी आई येऊन जायची. पाचला काय बोलायचो ते मी सांगणार नाही. तसं काही विशेष नव्हतं… त्याने एकदा विचारलं, "तुम्ही देवाजवळ काय मागता?" मी म्हटलं, "मागत नाही. ठेवायला देते." पडद्यापलीकडे त्याचं पेन थांबलं. मग हळूच म्हणाला, "पाचवरच राहू द्या. आत्ता खाली आणू नका."

उतरताना तो आकडे लिहिण्यात गुंतलेला असायचा आणि मीही गप्प बसायची.

मधे एक दिवस मी रजेवर होते. त्याने एकट्याने करून पाहिलं. काही नाही. "तार सैल झाली असणार," तो दुसऱ्या दिवशी म्हणाला, आणि मी आल्यावर तार आपोआप घट्ट झाली.

परीक्षक यायला दहा दिवस उरले असताना माझा घसा बसला. दुपारचे दोन वाजले होते, पण आवाजच फुटेना, म्हणून मी पेन्सिल घेतली. टक. टक टक. पाचपर्यंत गेले. पडद्याआडून नुसती खुर्ची करकरत होती.

"काहीच नाही," तो म्हणाला. "दुपारी! यंत्र तर तापलेलं आहे…" तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "दहा दिवस उरलेत, आणि आता ही नवीन भानगड."

त्या संध्याकाळी आई खिडकीशी बसून चष्मा पुसत होती. तिने काच तोंडाजवळ नेली, "हा…" केलं, काच धुरकटली, पदराने पुसली. मी समोर भाजी चिरत होते. हातातली सुरी तशीच राहिली.

पेन्सिल वाजवली की काही नाही. बोललं की उजेड. मी नसले की काही नाही. खोलीतली हवा यंत्राने कोरडी ठणठणीत ठेवलेली, पापुद्रा ओल शोषून घेणारा, आणि माझं तोंड त्याच्यापासून वीतभर. जसजसा आकडा चढायचा तसतशी मी जास्त बोलायची. व्होल्टेजने काहीच होत नव्हतं. पापुद्रा माझ्या श्वासाने फुगत होता.

"काय गं, सुरी हातात घेऊन समाधी लागली का?" आई म्हणाली.

"आई, एखाद्याला खरं सांगितलं तर तो गावच सोडून जाणार असेल… तर?"

आईने चष्मा घातला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "उंच आहे का?"

"आई!"

"बरं बरं. उंच असो की बुटका, नंतर दुसऱ्याकडून कळलं तर तो गाव तर सोडेलच, आणि तुलाही सोडेल."

न बोलण्याचं व्रत मी चार वर्षं पाळलं. ते सोपं होतं. त्या रात्री देवासमोर बसले तेव्हा मला कळेना, की आता बोलायचं बळ कसं मागतात. मागायची सवयच नव्हती.

दोन दिवसांनी आवाज परत आला. सकाळभर ते सगळं माझ्या घशाशी बसून होतं. त्याने दोनदा विचारलं, बरं नाही का. मी मान हलवली. अकरा वाजले.

"आज व्होल्टेजची तार काढून ठेवा," मी म्हटलं.

"काढून? मग मोजायचं काय?"

"काढा ना. आणि पडद्याआड बसा."

त्याने तार काढली. मला तिचं टोक दाखवलं, जादूगार रिकामी टोपी दाखवतो तसं, आणि पडद्यामागे गेला. मी भिंगाजवळ बसले आणि सांगायला लागले. आईचा चष्मा, पेन्सिल, रजेचा दिवस, बसलेला घसा. एकदाही थांबले नाही. थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं.

"तुम्ही ऐकताय ना?" मी शेवटी विचारलं.

"ऐकतोय," तो म्हणाला. आवाज कोरडा होता. "बघतोही आहे. चढतोय उजेड. तार माझ्या हातात आहे, आणि उजेड चढतोय."

हवा कोरडी करणारं यंत्र घुरघुरत होतं.

"म्हणजे इतके दिवस," तो म्हणाला, "मी तुमचा आवाज मोजत होतो."

"श्वास."

"तेच ते." मग थोड्या वेळाने, "हे आज सांगितलं नसतं तर चाललं असतं. परीक्षकांसमोर तुम्ही आकडे पुकारले असतेत, सगळं झकास दिसलं असतं."

"हो. तुम्ही राहिला असतात."

हे मला बोलायचं नव्हतं. तोंडातून गेलं.

पडद्याआड खुर्ची पुढे सरकली. मग अगदी हळू आवाजात, "आत्ता एकदम चढला, बरं का."

"ठिपकेवाले, पुरे."

"मी नुसतं मोजमाप सांगतोय."

नंतर मात्र तो दोन दिवस नीट बोलला नाही. माझ्यावर रागावला नव्हता, स्वतःवर होता. "यंत्र थंड असतं म्हणे," तो पुटपुटायचा आणि रजिस्टरमधल्या त्या ओळीकडे पाहत बसायचा. ती ओळ त्याने खोडली नाही. तिच्याखाली दुसरी लिहिली – वरील निष्कर्ष चूक, कारण हवेतील ओल. तारीख, सही.

तिसऱ्या दिवशी तो एक पाण्याची बाटली, रबराची नळी आणि छोटा पंप घेऊन आला. पाण्यातून हवा बुडबुडत काढायची आणि ती ओली हवा मोजून पापुद्र्यावर सोडायची. "व्होल्टेज नाही तर नाही. ओल ही पण खुंटीच आहे की," तो म्हणाला. पहिल्या नळीने काचेवर थेंबच सांडले आणि माझे दोन दिवसांचे कण वाहून गेले. मी नवे केले. पाणी परत डाळिंबी होईपर्यंत तो माझ्याशेजारी उभा होता, मध्ये पडदा नसताना, आणि आम्ही दोघंही बाटलीकडेच बघत होतो.

परीक्षक आले. त्याने सुरुवातच आपल्या चुकीपासून केली. व्होल्टेजने काही होत नाही, हे त्याने पहिल्याच वाक्यात सांगितलं. मॅडमनी ओठ घट्ट मिटून घेतले. मग त्याने नळी सोडली आणि उजेड वाढवून दाखवला, कमी करून दाखवला. एका परीक्षकाने विचारलं, "हे लक्षात कसं आलं?" त्याने माझ्याकडे हात केला. "यांच्या मौनामुळे." तो परीक्षक माझ्याकडे वळून म्हणाला, "म्हणजे?" आणि तेव्हा पावणेअकरा वाजले होते.

निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मॅडम दारात उभ्या राहूनच म्हणाल्या, "तीन वर्षं नाहीत. एक वर्ष. ओल घेऊन काय करता येतं ते बघा म्हणाले. आणि त्यातल्या एकाला सोनारणीचं व्रत फार आवडलं." मग त्याच्याकडे बघून, जरा हळू, "कारखान्याची जागा कायमची आहे, हे मला माहीत आहे. मी आग्रह करणार नाही."

त्या गेल्या. दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. तो पडद्याआड गेला. मी माझ्या स्टुलावर बसले. का बसले, माहीत नाही. मोजायचं काहीच नव्हतं. काच मात्र भिंगाखाली होती.

"कारखान्याच्या साहेबांना मी अकराला फोन करतो म्हणून सांगितलंय," पडद्याआडून आवाज आला. "सवयीने तोंडातून अकराच गेलं. आता वाटतं, सव्वाअकरा म्हणायला हवं होतं."

मला हसू आलं, पण आवाज न होऊ देता.

"एका वर्षाच्या कामासाठी कायमची जागा सोडायची, तर आणखी एक कारण हवं. ते आहे की नाही, एवढंच विचारायचंय. नसलं तरी… मी काही म्हणणार नाही." तो थांबला. "व्रत मोडू नका हं. तसं नको. मी वाट बघतो."

अठरा मिनिटं. पेन्सिल माझ्या हातात होती, पण टक म्हणजे एक आणि टक टक म्हणजे दोन, याच्यापलीकडे पेन्सिलला काही बोलता येत नव्हतं. मी पेन्सिल खाली ठेवली. पुढे वाकले, आणि आई चष्म्यावर सोडते तसा, आवाज न करता, काचेवर सावकाश श्वास सोडला.

पडद्याआड खुर्ची करकरली.

"नळी बंद आहे," तो म्हणाला. "पंपही बंद आहे."

मी काचेवर तशीच वाकलेली.

"पुन्हा करा. एका मोजमापावर कोणी विश्वास ठेवत नाही."

मी पुन्हा श्वास सोडला.

"अजून एकदा. नियम आहे… तीनदा आलं पाहिजे."

तिसऱ्या वेळी मला हसू आवरेना आणि श्वास अर्धवटच गेला, पण उजेड चढला असावा, कारण पडदा बाजूला झाला. त्याने छोटा लाल दिवा लावला, रजिस्टर ओढलं आणि उभ्या उभ्याच लिहिलं. मी त्याच्या कोपराशेजारून वाचलं.

सकाळी १०.४७. व्होल्टेज शून्य. पंप बंद. आवाज नाही. उजेड वाढला, तीनदा. कारण माहीत आहे.

अकराला त्याने फोन केला. दोनच वाक्यं बोलला आणि फोन खिशात टाकला. मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसला, एक डोळा जास्त मिटून हसला आणि म्हणाला, "आता बोल."

आणि अकरा वाजून गेले होते, तरी मला एक शब्द सुचत नव्हता.